गाढवीपेक्षा महाग पिशवी

१८७८ सालच्या सप्टेंबरात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन दक्षिण फ्रान्समधल्या सेवेनच्या डोंगराळ मुलखात पायी भटकायला निघाला. तंबूची यातायात नको म्हणून त्याने झोपण्यासाठी एक प्रचंड पिशवी शिवून घेतली. बाहेरून गाड्यांवर घालतात तसले हिरवे जलरोधक कापड, आतून मेंढीचे केसाळ कातडे; लांबी सहा फूट आणि रुंदीही तेवढीच. हे प्रकरण पाठीवर घेऊन चालणे अशक्य होते, म्हणून मोदेस्तीन नावाची गाढवी विकत घ्यावी लागली. गाढवी ६५ फ्रँक आणि पेलाभर ब्रँडीच्या मोबदल्यात मिळाली. पिशवीला मात्र ८० फ्रँक पडले होते. १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनातली ही गाढवी वाचकांच्या कायमची लक्षात राहिली. तिच्या पाठीवर ते ओझे का आले, हे सहसा कोणी आठवत नाही.

स्लीपिंग बॅगचा इतिहास हा बराचसा या ओझ्याचा इतिहास आहे. ऊब हवी तर वजन सोसावे लागे, आणि ते कोणीतरी वाहावे लागे. दहा वर्षांनी, १८८८ साली, फ्रिट्यॉफ नान्सेनने ग्रीनलंडचा हिमपठार ओलांडला. तेव्हा ओझी माणसांनीच ओढायची होती. सहा माणसांसाठी त्याने रेनडिअरच्या कातड्याच्या दोनच पिशव्या नेल्या. एकेका पिशवीत तिघे. माणशी कातडे कमी लागले आणि एकाची ऊब दुसऱ्याला मिळाली. यात नवे काही नाही. थंडीच्या रात्री दोन मोठ्यांच्या मध्ये, एकाच गोधडीत झोपलेल्या प्रत्येक मुलाला हे तत्त्व ठाऊक असते.

एकट्यादुकट्याच्या पिशवीची खरी परीक्षा १९११ साली झाली. स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे अंटार्क्टिकच्या ऐन हिवाळ्यात पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरकडे गेले. निघताना त्यांच्या पिशव्या १७-१८ पौंडांच्या होत्या; पाच आठवड्यांनी परतले तेव्हा त्या ३३ ते ४५ पौंडांच्या झाल्या होत्या. वाढलेले सारे वजन त्यांच्याच घामाचे आणि श्वासाचे. बाहेर पडायला वाट न मिळालेली वाफ आत गोठून बसली होती. ऊब पिशवीत नसते, ती माणसाच्या अंगात असते. पिशवी फक्त तिला अडवून धरते, हा धडा याहून कठोरपणे क्वचितच कोणी शिकले असेल.

अडवून धरण्याचे काम खरे म्हणजे हवा करते. पक्ष्यांच्या पोटाकडच्या मऊ पिसांत वजनाच्या मानाने सर्वाधिक हवा कोंडली जाते, म्हणून ती सर्वांत हलकी. जॉर्ज फिंचने १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत बलूनच्या कापडात अशी पिसे भरून कोट शिवून घेतला होता. पिसांची खोड एकच : ती भिजली की गोळा होतात आणि हवा निघून जाते. नंतर नायलॉन आले, पोकळ पॉलिएस्टर तंतू आले. हे तंतू पिसांहून जड, पण ओलाव्याला जुमानत नाहीत आणि घरी धुता येतात. पिशवीचे ओझे अखेर गाढवीवरून माणसाच्या पाठीवर आले.

हे सगळे शोध लागले ते संशोधकांसाठी, सैनिकांसाठी, गिर्यारोहकांसाठी. गेल्या डिसेंबरात नऊ वर्षांच्या मुलीला हरिश्चंद्रगडावर मुक्कामी न्यायचे ठरले, तेव्हा मला ही गोष्ट प्रथम जाणवली. दुकानातल्या पिशवीवर अंशांचे आकडे छापलेले होते. हे अंश कोणाच्या अंगाचे?

पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाचे आकडे छापत असे. २००२ साली युरोपने मानक ठरवले. तापवलेला मानवाकृती पुतळा पिशवीत निजवून तिची उष्णतारोधकता मोजायची आणि त्यावरून तापमान काढायचे. 'सुखद' तापमान पंचवीस वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या स्त्रीचे. 'मर्यादा' तापमान पंचवीस वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचे. मुलांच्या पिशव्या मानकातून स्पष्टपणे वगळल्या. कारण वाचून मला आदरच वाटला : मुलांसाठी असे गणित मांडायचे, तर मुलांना थंड खोलीत निजवून प्रयोग करावे लागतील, आणि ते नैतिकदृष्ट्या अशक्य आहे. म्हणजे मोठ्यांच्या पिशवीवरचा आकडा मुलीचा नव्हता, आणि मुलांच्या पिशवीवरचा आकडा बनवणाऱ्याच्या अंदाजाचा.

अंदाज आपणही बांधू शकतो. लहान अंगाचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त, म्हणून ते लवकर निवते. मोठ्यांच्या पिशवीत मुलाच्या पायाखाली दोन-अडीच फूट पोकळी उरते, आणि ती त्याच चिमुकल्या अंगाला तापवावी लागते. तेव्हा 'मोठी घे, वाढत्या अंगाला होईल' हा फ्रॉक घेतानाचा शहाणपणा इथे उपयोगाचा नाही. मुलांची आखूड पिशवी घ्यावी. आकड्यात आठ-दहा अंशांची सूट धरावी. पिसांचा मोह टाळून पोकळ तंतू घ्यावेत, कारण मुलांच्या हातून पाणी सांडतेच. आणि खाली चटई हवीच, कारण अंगाखाली दबलेल्या भरणीत हवा राहत नाही.

मी यातले काहीच केले नाही. घरात मोठी पिशवी होती, तीच नेली. रात्री दोनच्या सुमारास मुलगी पाय गार पडल्याचे सांगत उठली, तेव्हा पिशवीचे रिकामे टोक दुमडून दोरीने बांधले, तिचे पाय माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळले आणि तिला मध्ये घेऊन आम्ही दोघे दोन्ही बाजूंनी सरकून झोपलो. सकाळी पायथ्याकडे उतरताना ती पिशवी कोणी घ्यायची, याविषयी फारशी चर्चा झाली नाही. मोदेस्तीनचे काम माझ्याकडे आले.