ताडपत्र ते ई-रीडर : आपल्या शास्त्रांची बदलती घरं



गेल्या चातुर्मासापासून आमच्या स्वाध्याय मंडळात एकच प्रश्न फिरतो आहे. ई-रीडर घ्यावा का, त्यावर शास्त्र वाचलेलं चालतं का, आणि मग घरातल्या पुस्तकांचं काय करायचं? प्रश्न नवा वाटतो, पण आपल्या समाजानं तो याआधी तीन-चार वेळा तरी सोडवला आहे. दर वेळी वाद झाला आणि दर वेळी जुन्या लोकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. म्हणून यंत्राची किंमत आणि स्क्रीन बघण्याआधी थोडं मागे जाऊया.

मुळात आपल्याकडे पुस्तकच नव्हतं. 'श्रुत' म्हणजे ऐकलेलं. गुरूंनी सांगायचं, शिष्यानं कंठस्थ करायचं. पुस्तक बाळगणं साधूंना दोषाचं मानलं जाई. श्वेतांबर परंपरेतल्या बृहत्कल्पभाष्यात याची कारणं दिली आहेत, ती वाचण्यासारखी आहेत. पुस्तकाच्या पानांमध्ये बारीक जीव सापडून मरतात, त्याचं ओझं वाहावं लागतं, परिग्रह वाढतो. पुस्तक जितक्या वेळा उघडाल आणि बांधाल, जितकी अक्षरं लिहाल, तितकी प्रायश्चित्तं! पण त्याच परंपरेनं पुढे मान्य केलं की काळाबरोबर स्मरणशक्ती घटते आहे, तेव्हा ज्ञान टिकवायचं तर पुस्तक हवं. महावीर निर्वाणानंतर ९८० वर्षांनी (काहींच्या मते ९९३) वलभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली त्यांचे आगम लिहून काढले गेले.

आपल्या दिगंबर परंपरेतली कथा तर श्रुतपंचमीला आपण दरवर्षी ऐकतो. गिरनारच्या चंद्रगुफेत वृद्ध धरसेनाचार्यांना काळजी लागली की आपल्याबरोबर हे ज्ञान जाईल. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवलं. षट्खंडागम लिहून पूर्ण झाला तो दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमीचा. म्हणजे सोयीसाठी नव्हे, हरवण्याच्या भीतीनं आपण लिहायला लागलो. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ई-रीडरची जाहिरात सगळी सोयीची असते.

ताडपत्रानंतर कागद आला. तिथे एक गंमत आहे. ताडपत्रांना मध्ये भोक पाडून दोरी ओवायची रीत होती, म्हणून लिहिताना तेवढी जागा कोरी सोडत. कागदाच्या पोथीला दोरीची गरज नव्हती, तरी लेखनिकांनी कित्येक शतकं मधली जागा सोडली, आणि कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्यांत तर भोकाच्या जागी लाल ठिपका काढलेला दिसतो. पुढे छापखाना आला तरी आपली काही शास्त्रं लांबट सुट्या पानांचीच छापली गेली. आणि आता ई-रीडरवर कागद नसूनही 'पान' उलटतं! माणूस नव्या घरात जाताना जुना उंबरठा बरोबर नेतो, तसंच हे.

आता मूडबिद्रीची गोष्ट. ही मी मंडळात तीनदा तरी सांगितली असेल, पण इथे सविस्तर लिहिते, कारण आजच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

षट्खंडागमावर वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकात 'धवला' ही प्रचंड टीका लिहिली. एकोणिसाव्या शतकात तिची कानडी लिपीतली ताडपत्रं एकाच ठिकाणी उरली होती, कर्नाटकात मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत. लोक यात्रेला जायचे, पेटी उघडून ताडपत्रांचं दर्शन घ्यायचे आणि परतायचे. वाचत कोणीच नव्हतं. १८८३च्या सुमारास मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रेला गेले. ताडपत्रांची अवस्था पाहून त्यांनी सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशींना कळवलं. शेठजी स्वतः जाऊन आले. मग निधी जमला आणि १८९६च्या सुमारास नक्कल करायचं काम सुरू झालं. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय नकला करू लागले. हे काम रखडत रखडत पंचवीस वर्षांहून अधिक चाललं. अट अशी की नक्कलसुद्धा मूडबिद्रीबाहेर जाता कामा नये.

गजपती उपाध्यायांनी मात्र गुपचूप आणखी एक कानडी प्रत करून घेतली. त्यात त्यांच्या विद्वान पत्नी लक्ष्मीबाईंचा हात होता. त्या काळी किती बायकांना लिहिता येत होतं याचा विचार करा, आणि ही बाई आपल्या घरी बसून सिद्धांतग्रंथ उतरवत होती. ती प्रत घेऊन उपाध्याय सोलापूरला हिराचंद शेठजींकडे गेले. शेठजींनी ती ठेवून घ्यायला नकार दिला. लपवून केलेली प्रत घेणं त्यांना पटलं नाही. अखेर ती सहारनपूरला लाला जंबूप्रसाद यांच्याकडे गेली. तिथे तिचं नागरीत लिप्यंतर करणाऱ्या सीताराम शास्त्रींनी स्वतःकडे एक प्रत राखली आणि तिच्यावरून आणखी प्रती झाल्या. आरा, कारंजा, अमरावती अशा गावी त्या पोचल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी अशाच प्रतींवरून संपादन केलं आणि १९३९ साली धवलेचा पहिला भाग छापून निघाला. सगळे सोळा भाग व्हायला जवळजवळ वीस वर्षं लागली.

मी शेठजींच्या बाजूची की लक्ष्मीबाईंच्या? बी.कॉम. झालेली बाई आहे, व्यवहार चोख असावा असंच शिकले. शेठजींचा नकार मला समजतो. पण आज आपल्या मंदिरात धवला कपाटात आहे, ती लक्ष्मीबाईंनी लिहिलं म्हणून. कुलपातली एक प्रत म्हणजे ग्रंथ सुरक्षित नाही. चार गावांत चार प्रती असल्या म्हणजे तो सुरक्षित.

छपाईलाही विरोध झालाच. शास्त्र छापलं तर कोणाच्याही हाती जाईल, शाई अशुद्ध, छापखान्यातल्या रुळांना सरस, पानं रद्दीत जाऊन पुड्या बांधल्या जातील. शेवटची भीती तर खरीच ठरली! पण छपाई झाली नसती तर माझ्या सासूबाईंसारखी चौथी शिकलेली बाई दुपारी चौरंगावर शास्त्र ठेवून स्वतःचं स्वतः वाचू शकली नसती. तिला पंडितजींची वाट पाहावी लागली असती.

आचार्य शांतिसागर महाराजांनी तर उलट दिशेनं पाऊल टाकलं. मूडबिद्रीच्या ताडपत्रांतला महाबंधाचा काही भाग किडीनं खाल्ल्याचं कळल्यावर त्यांच्या प्रेरणेनं हे सिद्धांतग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतले गेले. फलटणला ती ताम्रपत्रं आहेत. वाचायला अवघड, उचलायला जड, पण कीड लागत नाही आणि वीज लागत नाही. वाचायची प्रत वेगळी आणि राखायची प्रत वेगळी, हे महाराजांना नेमकं कळलं होतं.

आता यंत्राकडे येते. ई-रीडरचा पडदा मोबाइलसारखा पेटलेला नसतो. त्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात, कुपीत काळे-पांढरे कण. विजेच्या भारानं हवे ते वर येतात आणि तिथेच थांबतात. पान बदलतानाच काय ती वीज लागते, म्हणून एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे चालतो. डोळ्यांना तो कागदासारखाच वाटतो. ॲमेझॉनचा किंडल २००७ साली आला आणि २०१६च्या डिसेंबरात त्यावर मराठी पुस्तकं रीतसर मिळू लागली.

घ्यायचाच असेल तर एक गोष्ट आधी ठरवा, त्यावर काय वाचणार? कथा-कादंबऱ्या, नवी मराठी ई-पुस्तकं वाचायची असतील तर सहा-सात इंची पुरतो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. पण आपली शास्त्रं बहुतेक जुन्या पुस्तकांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफ स्वरूपात मिळतात. तो नुसता फोटो, त्यात अक्षर मोठं होत नाही, पान अख्खंच मोठं होतं आणि मग प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत बसा. त्यासाठी दहा इंची पडदा हवा, तो बराच महाग पडतो. शिवाय आपली फाइल आपण घालू शकतो का, हे दुकानात आवर्जून विचारा. ई-पुस्तक 'विकत' घेतलं तरी बहुतेक ठिकाणी मिळतो तो वाचण्याचा परवाना, मालकी नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑरवेल यांची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कारण, पैसे परत दिले आणि माफीही मागितली. तरीही मला विचाराल तर ताळेबंदात ही मालमत्ता म्हणून लिहिता येणार नाही, भाडंच लिहावं लागेल.

सूनबाईनं एक वेगळाच प्रश्न काढला. त्या चार दिवसांत शास्त्राला हात लावायचा नाही, मग ई-रीडरला लावायचा का? मी म्हटलं, माताजींना विचार. तिनं विचारलं नाही आणि वाचतेही आहे. मी काही बोललेले नाही.

आमची इमारत पाडून नवी होते आहे. दोन वर्षं भाड्याच्या लहान घरात काढायची. सासूबाईंची दोनशेच्या आसपास पुस्तकं आहेत, वेष्टनात बांधलेली. मुलगा म्हणाला, "आई, सगळं डाउनलोड होतं, ही देऊन टाक." त्यातल्या बऱ्याच पुस्तकांबाबत त्याचं खरं आहे. मी दहा इंची ई-रीडर घेतला आणि रोजचा स्वाध्याय आता त्यावर करते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक छपाई वाचवत नव्हती, ती आता वाचता येते. पण यादी करायला बसले तेव्हा एकेक पुस्तक उघडून पाहिलं. काही पुस्तकांच्या कडेला सासूबाईंनी पेन्सिलीनं तिथी लिहिल्या आहेत, कुठल्या उपवासाच्या दिवशी कुठवर वाचलं ते. एका पानावर फक्त माझ्या मिस्टरांच्या टायफॉइडचा ताप उतरल्याचा दिवस आहे. असली बावीस पुस्तकं निघाली. शिवाय नऊ पुस्तकं अशी, जी मला नेटवर कुठेच सापडली नाहीत. त्यांची पानं मी मोबाइलवर एकेक करून टिपते आहे, चार झाली. फोटो माझ्या मुलाकडे, नणंदेकडे आणि पाठशाळेच्या बाईंकडे, तीन ठिकाणी ठेवणार आहे.

ही एकतीस पुस्तकं भाड्याच्या घरी येतील. बाकीची गावच्या मंदिराच्या भांडारात द्यायची आहेत, पण तिथेही कपाट भरलं आहे म्हणतात. तुमच्यापैकी कोणाच्या पाठशाळेला हवी असतील तर कळवा, यादी पाठवते. वेष्टनं धुऊन इस्त्री करून देईन.