सामनावीर पुरस्कार

सांघिक खेळाच्या सामन्यात सर्वांत मोलाची कामगिरी करणाऱ्या खेळाडूस सामन्याच्या अखेरीस दिला जाणारा वैयक्तिक सन्मान. हाच सन्मान मालिकेसाठी दिल्यास त्यास ‘मालिकावीर’ म्हणतात. काही खेळांत तो संपूर्ण हंगामासाठी ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’ या नावाने देण्यात येतो. मोल कशावरून ठरवावे, हा या पुरस्काराबाबतचा जुना वाद आहे. शतके, षटकार, घेतलेले बळी यांचे आकडे धावफलकावर उमटतात व ते कोणालाही वाचता येतात. कोसळता डाव सावरणे, जमलेली भागीदारी फोडणे, फलंदाजाच्या अगदी जवळ उभे राहून झेल घेणे या गोष्टींची नोंद एक तर होत नाही, किंवा झाली तरी ती लहान आकड्यांत होते. ज्यांचे आकडे लहान, ते खेळाडू या सन्मानास पात्र ठरतात काय, हा प्रश्न अमेरिकेतील बेसबॉलमध्ये फार पूर्वीपासून चर्चिला गेला. महाराष्ट्रातील क्रिकेट व कबड्डी यांतही तो वेगवेगळ्या रूपांत उपस्थित झालेला आहे.

बेसबॉलमध्ये १९३१ पासून क्रीडावार्ताहरांच्या संघटनेच्या मतदानाने दोन्ही प्रमुख लीगांतील सर्वांत मौल्यवान खेळाडू निवडले जातात. चेंडू मैदानापलीकडे भिरकावून मिळविलेल्या ‘होमरन’ची संख्या ही तेथे बलाची सर्वमान्य खूण होय. असे असूनही १९४४ साली सेंट लुईस संघाचे मार्टी मॅरियन यांना हा मान मिळाला. त्यांचे होमरन अवघे ६ होते; क्षेत्ररक्षण हेच त्यांचे खरे बळ. १९६२ मध्ये मॉरी विल्स यांनी ६ होमरन, परंतु १०४ ‘चोरलेले’ तळ, एवढ्या भांडवलावर ४९ होमरन करणाऱ्या विली मेझ यांना मागे टाकले. मतांतील फरक केवळ सात गुणांचा होता. २००१ मध्ये तर एका लीगमध्ये ७३ होमरनचा विक्रम करणारे बॅरी बाँड्स आणि दुसरीत ८ होमरन करणारे जपानी खेळाडू इचिरो सुझुकी हे एकाच वर्षी सन्मानित झाले. याउलट २०१२ साली धावणे व क्षेत्ररक्षण यांत सरस असलेल्या माइक ट्राउट यांच्याऐवजी ४४ होमरन करणारे मिगेल काब्रेरा निवडले गेले. मतदारांचा कौल असा दोन्हीकडे झुकत आला आहे.

क्रिकेटमध्ये ही प्रथा मर्यादित षटकांच्या सामन्यांबरोबर आली. इंग्लंडमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या जिलेट चषक स्पर्धेत प्रत्येक सामन्यात एका खेळाडूची निवड होऊ लागली. पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना ५ जानेवारी १९७१ रोजी मेलबर्न येथे झाला. त्यात इंग्लंड हरले, तरी सर्वाधिक ८२ धावा काढणारे जॉन एड्रिच हेच सामनावीर ठरले. मोठी धावसंख्या म्हणजे मोठी कामगिरी, हे समीकरण असे आरंभीच रूढ झाले. कसोटी सामन्यांत मात्र हा पुरस्कार बराच उशिरा नियमित झाला.

त्यामुळे त्यापूर्वीच्या काही भारतीय खेळाडूंना अशा कसोटीस उतरण्याची संधीच मिळाली नाही. नासिक येथे जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज बापू नाडकर्णी यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध एका डावात ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव होती (सलग २१), धावा गेल्या ५ आणि बळी एकही मिळाला नाही. बळींच्या रकान्यातील शून्य पाहून या गोलंदाजीचे मूल्य ठरविणे कठीण आहे. एकनाथ सोलकर यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याच्या घरी ते वाढले. २७ कसोटी सामन्यांत त्यांच्या १,०६८ धावा (सरासरी २५·४२) आणि १८ बळी आहेत. एवढ्यावरून त्यांना कोणी थोर म्हणणार नाही. परंतु त्यांचे झेल आहेत ५३, आणि तेही बव्हंशी ‘फॉरवर्ड शॉर्ट लेग’ या, फलंदाजापासून काही हातांवर असलेल्या जागी, शिरस्त्राण नसण्याच्या काळात घेतलेले. २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हल येथे भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय मिळविला. त्याचे श्रेय इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपविणाऱ्या भागवत चंद्रशेखर (३८ धावांत ६ बळी) यांना दिले जाते व ते रास्तच आहे. तथापि त्याच सामन्यात सोलकर यांनी पहिल्या डावात २८ धावांत ३ गडी बाद केले, फलंदाजीत ४४ धावा काढल्या आणि दुसऱ्या डावात ॲलन नॉट व कीथ फ्लेचर यांचे झेल घेतले. यांपैकी कोणताही आकडा स्वतंत्रपणे मोठा नाही.

लहान आकड्यांना न्याय मिळाल्याची दोन उदाहरणे भारतीय क्रिकेटमध्ये विशेष प्रसिद्ध आहेत. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मोहिंदर अमरनाथ २६ धावा आणि १२ धावांत ३ बळी या कामगिरीवर सामनावीर झाले. श्रीकांत यांच्या ३८ धावा त्यांच्याहून अधिक होत्या. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मुंबईचे रवी शास्त्री यांना संपूर्ण स्पर्धेचा सन्मान व मोटारगाडी मिळाली. त्यांच्या १८२ धावा व ८ बळी होते, तर त्याच संघातील श्रीकांत यांच्या २३८ धावा आणि शिवरामकृष्णन यांचे १० बळी होते. अंतिम सामन्यात शास्त्रींनी १४८ चेंडू खेळून नाबाद ६३ धावा केल्या. या संथपणाची त्या वेळी थट्टाही झाली. पण पाकिस्तानचे १७६ धावांचे आव्हान पार करताना धावगतीपेक्षा गडी राखणे महत्त्वाचे होते.

या प्रश्नाचे अलीकडचे ठळक उदाहरण पालघर जिल्ह्यातील आहे. सातपाटी, शिरगाव, माहीम, केळवे ही पालघर तालुक्यातील किनाऱ्यालगतची गावे. शिरगाव येथे जुना किल्ला आहे. शिरगावपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या या पट्ट्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटची आवड मोठी असली, तरी चामडी चेंडूच्या खेळासाठी होतकरू मुलांना मुंबईच गाठावी लागे, आणि २०१३ पर्यंत उपनगरी गाड्या विरारपर्यंतच धावत. शार्दूल ठाकूर (जन्म १६ ऑक्टोबर १९९१) हे याच परिसरातून पुढे आले. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्यांना बोरिवली येथील स्वामी विवेकानंद शाळेत आणले. शालेय क्रिकेटमध्ये एका षटकात सहा षटकार मारल्याने त्यांचे नाव झाले. म्हणजे लोकांचे लक्ष वेधले गेले तेही षटकारांनीच. २०२० च्या टाळेबंदीनंतर मैदानावर सरावास उतरलेले ते पहिले भारतीय कसोटीपटू होत, व हा सराव बोईसरच्या मैदानावर झाला.

जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन येथे भारताची अवस्था ६ बाद १८६ असताना ठाकूर (६७) व वॉशिंग्टन सुंदर (६२) यांनी १२३ धावांची भागी केली. ठाकूर यांनी सामन्यात ७ बळीही घेतले. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया ज्या मैदानावर हरले नव्हते, तेथे भारत जिंकला. सामनावीर ठरले नाबाद ८९ धावांनी विजय साकारणारे ऋषभ पंत. शेवटच्या दिवसाचा तो खेळ पाहता या निवडीस आक्षेप घेण्याजोगे काही नव्हते.

त्याच वर्षी २ ते ६ सप्टेंबर या काळात ओव्हलवर झालेला सामना मात्र खऱ्या वादाचा आहे. भारताच्या पहिल्या डावात ७ बाद १२७ अशी पडझड झाली असता ठाकूर यांनी ३६ चेंडूंत ५७ धावा काढल्या. त्यांतील अर्धशतक ३१ चेंडूंत पूर्ण झाले व इंग्लंडमधील कसोटीत ते तोपर्यंतचे सर्वांत जलद ठरले. इंग्लंडच्या डावात सर्वाधिक ८१ धावा काढणाऱ्या ऑली पोप यांचा त्रिफळा त्यांनीच उडविला. दुसऱ्या डावात त्यांनी ६० धावा केल्या व पंत यांच्यासह १०० धावा जोडल्या. ३६८ धावांचा पाठलाग करताना इंग्लंडच्या सलामीच्या जोडीने शतकी भागी रचली, ती ठाकूर यांनी रॉरी बर्न्स यांना बाद करून फोडली. पुढे कर्णधार जो रूट यांचाही त्रिफळा उडविला. भारत १५७ धावांनी विजयी झाला. १९७१ नंतर या मैदानावरील हा भारताचा पहिलाच विजय. पुरस्कार मिळाला तो दुसऱ्या डावात १२७ धावा काढणाऱ्या रोहित शर्मा यांना, आणि ठाकूर हेच त्यास पात्र होते, असे खुद्द शर्मा यांनीच बोलून दाखविले. दोघेही एकाच शाळेचे व एकाच प्रशिक्षकाचे विद्यार्थी, हा योगायोग.

९९ धावांच्या पिछाडीनंतर २५६ चेंडू टिकून काढलेले शतक हलके लेखता येणार नाही. तरीही त्या सामन्याच्या चारही डावांत निर्णायक ठरलेला खेळाडू एकच होता. ५७, ६० आणि ३ बळी या आकड्यांची बेरीज करून ते कळत नाही. प्रत्येक आकडा कोणत्या क्षणी आला, हे पाहावे लागते. आकडे निरर्थक आहेत असा याचा अर्थ नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्ग येथे ठाकूर यांनी ६१ धावांत ७ गडी बाद केले. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोणत्याही भारतीय गोलंदाजाची ही सर्वोत्तम कामगिरी. तेथे मोठा आकडा त्यांच्याच नावावर होता, परंतु सामना नाबाद ९६ धावा काढणाऱ्या डीन एल्गार यांनी जिंकून दिला व पुरस्कारही योग्य रीतीने त्यांनाच मिळाला.

कबड्डीत चढाईचे गुण हे क्रिकेटमधील धावांसारखे लोकप्रिय माप आहे. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामात (२०२३-२४) दिल्लीच्या आशू मलिक यांनी चढाईत सर्वाधिक २७६ गुण मिळविले. मौल्यवान खेळाडूचा मान मात्र विजेत्या पुणेरी पलटणचे कर्णधार अस्लम इनामदार यांना देण्यात आला.

त्याच वर्षीच्या रणजी करंडक स्पर्धेत सर्वाधिक धावा (९०२) रिकी भुई यांच्या व सर्वाधिक बळी (५३) साई किशोर यांचे होते. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले मुंबईचे तनुष कोटियन. त्यांच्या ५०२ धावा व २९ बळी होते, आणि त्यांतील कित्येक धावा तळाच्या क्रमांकावर येऊन काढलेल्या होत्या. उपान्त्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध मुंबईची अवस्था ७ बाद १०६ असताना ठाकूर यांनी नवव्या क्रमांकावर १०४ चेंडूंत १०९ धावा काढल्या आणि ४ गडीही बाद केले. या सामन्याचे सामनावीर तेच होते. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील हे त्यांचे पहिले शतक होय.