प्राचीन पाषाणहत्यारें व त्यांच्या अर्वाचीन प्रतिकृति

यवतमाळ जिल्ह्यांतील एका संग्राहक स्नेह्यांनीं कांहीं दिवसांपूर्वीं पांच दगड परीक्षणासाठीं आमच्याकडे आणले. पैनगंगेच्या कांठीं मिळालेलीं हीं अश्मयुगीन हत्यारें, असें विकणाऱ्यानें त्यांस सांगितलें होतें. आमचें आयुष्य पोथ्यांत गेलेलें. तथापि पोथी पारखण्याची रीत दगडास कितपत लागू पडते, हें या निमित्तानें पाहतां आलें. तें संशोधक मित्रांपुढें ठेवितों.

येथें दोन प्रश्न आहेत व ते एकमेकांत मिसळूं देऊं नयेत. दगड माणसानें घडविला काय, हा पहिला. केव्हां घडविला, हा दुसरा. गारेसारख्या कठीण दगडावर नेमका घाव घातला असतां निघालेल्या कपचीवर घावाच्या जागेखालीं फुगवटा येतो व त्यापासून वलयें पसरतात. ओढ्यांत आपटून फुटलेल्या दगडावरही अशी एखादी खूण दिसते; परंतु कडेच्या दोन्ही बाजूंनीं क्रमानें कपच्या काढल्याचे खळगे मनुष्याच्या हाताचें काम सांगतात. मात्र आजचा कारागीरही हातानेंच दगड घडवितो. म्हणून या खुणांनीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळतें, दुसऱ्याचें नाहीं.

दुसऱ्यासाठीं दगडाची साल पाहावी. या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक दीर्घकाल मातींत राहिला म्हणजे वरून झिजून तपकिरी वा करडा होतो. मग घावांच्या खळग्यांवरही तीच साल यावयास हवी. आमच्यापुढील हातकुऱ्हाडीच्या मध्यभागीं तेवढी जुनी साल होती. घाव मात्र सर्व निळसर काळे, जणूं कालचे. जुन्या कोऱ्या कागदावर नवी पोथी लिहावी, तसाच हा प्रकार. खळग्यांतील पांढरट थर कोमट पाण्यांत सुटून आला. खरा चुनकंकर असा सुटत नाहीं. दुसऱ्या दोन दगडांवर घावाच्या उगमाशीं लोखंडाची करडी रेघ होती. नांगराचा फाळ लागून खऱ्या हत्यारावरही अशी एखादी रेघ उमटते, म्हणून एकीवरून निवाडा देऊं नये. पण येथें ती प्रत्येक घावाशीं होती.

चौथा दगड अकिकाचा. त्याची एकच कड ठेंचलेली होती. तो विस्तव पाडण्याच्या चकमकीचा दिसतो. येथें लबाडी नाहीं, केवळ नांव चुकलें आहे. खंबायतचे कारागीर लोखंडी खुंटीच्या टोंकावर अकीक धरून शिंगाच्या हातोडीनें फोडीत आले आहेत. त्यांच्या कपच्याही अनभ्यस्त डोळ्यांस प्राचीन भासतील.

पांचवा दगड खरा असावा. साल सर्व खळग्यांवर सारखी, कंकर घट्ट बसलेला. खेद वाटला तो याचाच. तो कोणत्या गांवच्या शिवारांत, नदीच्या कोणत्या थरांत होता, हें कोणासच ठाऊक नाहीं. पुष्पिका हरवलेल्या पोथीचा निदान मजकूर वाचतां येतो. दगडास मजकूर नसतो. त्याचें स्थान हीच त्याची पुष्पिका.

१८६३ सालच्या दोन गोष्टी या संबंधांत बोधप्रद आहेत. फ्रान्समध्यें ॲबव्हिल शहरीं बूशे द पेर्थ या संशोधकानें प्राचीन मानवी अस्थींसाठीं मजुरांस बक्षीस लाविलें होतें. त्या वर्षीं तेथील मूलँ-किन्यों खाणींत जबड्याचें हाड व गारेच्या कुऱ्हाडी 'सांपडल्या'. जॉन एव्हान्स प्रभृति इंग्रज परीक्षकांनीं त्या कुऱ्हाडी बनावट ठरविल्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांस मद्रासजवळ पल्लावरम येथें दगडी हत्यार मिळालें. त्यांनीं जागा नोंदली, आणि सप्टेंबरांत विल्यम किंग यांजसह अत्तिरम्पाक्कम येथें शोध पुढें नेला. भारतांतील अश्मयुगाचें संशोधन त्या नोंदींपासून सुरू झालें. एकीकडे पैशानें वस्तु आणविल्या, दुसरीकडे डोळ्यांनीं जागा पाहिली. फरक तो एवढाच.

प्रतिकृति करणें हा दोष नव्हे. प्राचीनांचें कसब समजण्यास ती उपयोगी पडते. मात्र तिच्यावर सन घालून ठेवावा. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं, हेंही संग्राहकांनीं विसरूं नये. दगड दिसल्यास तो तेथेंच असूं द्यावा, छायाचित्र घ्यावें, गांव, शिवार व थर लिहावा आणि पुरातत्त्व विभागास कळवावें. खोटेपणा दगड स्वतः सांगतो. प्राचीनत्वाची साक्ष मात्र जागाच देते, असें आमचें नम्र मत आहे. जाणत्यांनीं यांतील न्यूनाधिक दाखवावें, ही विनंति.