स्वयंचलित वाटाघाटी

स्वयंचलित वाटाघाटी म्हणजे दोन किंवा अधिक सॉफ्टवेअर एजंटांनी आपापल्या मालकांच्या वतीने प्रस्ताव आणि प्रतिप्रस्ताव यांची देवाणघेवाण करून करारापर्यंत पोहोचण्याची प्रक्रिया होय. हा विषय संगणकशास्त्र, अर्थशास्त्र आणि खेळ सिद्धांत या तीन शास्त्रांच्या सीमेवरचा आहे. ज्या वाटाघाटींत मुद्दे अनेक असून ते परस्परांवर अवलंबून असतात, अथवा एकाच वेळी अनेक पक्षांशी बोलणी चालू असतात, त्यांना गुंतागुंतीच्या वाटाघाटी म्हणतात.

स्वरूप

अशा वाटाघाटींचे तीन घटक मानले जातात. पहिला घटक नियमांचा: कोणी केव्हा बोलावे, मुदत किती आणि करार केव्हा पक्का झाला असे समजावे. दुसरा घटक पसंतीचा: प्रत्येक संभाव्य करार मालकाला कितपत हितकारक आहे, हे अंकांत मांडणारी उपयोगिता. तिसरा घटक डावपेचांचा: किती सवलत द्यावी आणि केव्हा द्यावी.

वाटाघाटी लिलावाहून भिन्न आहेत. उलट्या लिलावात एका खरेदीदारासमोर अनेक विक्रेते असतात व बहुधा केवळ दर उतरत जातो. वाटाघाटींत मात्र एका मुद्द्यावर माघार घेऊन दुसऱ्यावर लाभ मिळवता येतो. त्यामुळे दोन्ही पक्षांचे हित साधणारा करार शक्य होतो.

इतिहास

जॉन नॅश यांनी १९५० मध्ये सौद्याचा प्रश्न गणिती रूपात मांडला. एरियल रुबिनस्टाइन यांनी १९८२ मध्ये आळीपाळीने प्रस्ताव देण्याच्या पद्धतीचे विश्लेषण केले. संगणकशास्त्रात रीड स्मिथ यांची १९८० मधील 'कॉन्ट्रॅक्ट नेट' ही कामे वाटून देण्याची नियमावली आरंभीची मानली जाते. १९९६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'कसबा' ही एजंटांची प्रायोगिक बाजारपेठ उभारण्यात आली. १९९८ मध्ये फरातिन, सिएरा आणि जेनिंग्स यांनी वेळेनुसार सवलत देण्याच्या डावपेचांची मांडणी केली. मुदत संपत येईपर्यंत ताठर राहण्याच्या डावपेचाला 'बुलवेअर' म्हणतात. हे नाव जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे अधिकारी लेम्युएल बुलवेअर यांच्यावरून पडले.

परस्परावलंबी मुद्द्यांवरील एक महत्त्वाचा निबंध ताकायुकी इतो, हिरोमित्सु हातोरी आणि मार्क क्लाइन यांनी २००७ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कृत्रिम बुद्धिमत्ता परिषदेत मांडला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक एजंट आपल्याला मानवणारे करार शोधून मध्यस्थाकडे बोलीरूपाने देतो आणि मध्यस्थ त्यांतील सामाईक भाग निवडतो.

गुंतागुंतीचे उदाहरण

पिंपरी, चिंचवड, थेरगाव, भोसरी ते चाकण या पट्ट्यातील वाहन उद्योगावरून हा प्रश्न स्पष्ट होतो. मोठे वाहननिर्माते आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग अशी येथील रचना आहे. समजा, भोसरीतील एका प्रेस शॉपचा एजंट चाकणच्या खरेदीदाराच्या एजंटाशी बोलणी करीत आहे. मुद्दे पाच आहेत: दर, लॉटचा आकार, पुरवठ्याचे वेळापत्रक, पोलादाच्या भाववाढीचा भार आणि पैसे मिळण्याची मुदत.

मोठा लॉट पुरवठादाराला सोयीचा असतो, कारण डाय वारंवार बदलावी लागत नाही. परंतु पैसे उशिरा मिळणार असतील, तर तोच मोठा लॉट अडचणीचा ठरतो, कारण त्याचे भांडवल पोलादात अडकून पडते. म्हणजेच लॉटची किंमत मुदतीवर अवलंबून आहे. मुद्दे सुटे करून त्यांच्या गुणांची बेरीज करता येत नाही. शिवाय प्रत्येक मुद्द्याला दहा पर्याय धरल्यास पाच मुद्द्यांचे एक लाख आणि दहा मुद्द्यांचे एक हजार कोटी करार संभवतात. ते सर्व तपासणे शक्य नसल्याने एजंटाला निवडक शोधावरच भागवावे लागते.

स्पर्धा

डेल्फ्ट आणि बार-इलान या विद्यापीठांच्या पुढाकाराने २०१० पासून स्वयंचलित वाटाघाटी करणाऱ्या एजंटांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली जाते. २०१९ मध्ये तिच्यात पुरवठा साखळीचा विभाग सुरू झाला. त्यात प्रत्येक एजंट एक काल्पनिक कारखाना चालवतो आणि कच्च्या मालाची खरेदी व पक्क्या मालाची विक्री यांसाठी नग, दर आणि दिवस यांवर एकाच वेळी अनेकांशी बोलणी करतो.

भारतीय कायद्यातील स्थान

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ११ नुसार, एखाद्याने आपोआप चालण्यासाठी योजलेल्या प्रणालीने पाठवलेला संदेश त्या व्यक्तीचाच मानला जातो. इलेक्ट्रॉनिक साधनांनी झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, असे कलम १०-अ सांगते. परिणामी, एजंटाला चुकीची मर्यादा दिल्यास 'हे यंत्राने केले' एवढ्या सबबीवर मालकाला जबाबदारी सहजासहजी झटकता येत नाही. तसेच २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला पैसे देण्याची करारातील मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. ही अट एजंटाच्या दृष्टीने सौद्याचा मुद्दा नसून कुंपण आहे.

मर्यादा

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची जुनी पद्धत भाव बघ्यांपासून लपवते. एजंट मात्र आपल्या मालकाची शेवटची किंमत प्रतिपक्षापासूनच लपवतो. मायरसन आणि सॅटरथ्वेट यांनी १९८३ मध्ये दाखवले की, दोघांच्या खऱ्या किमती गुप्त असतील, तर सर्वसाधारण गृहीतकांखाली, बाहेरून पैसा न घालता आणि सहभाग ऐच्छिक ठेवून, प्रत्येक लाभदायक सौदा घडवून आणणारी पद्धत असू शकत नाही. कितीही चतुर एजंट असले तरी काही योग्य सौदे फिसकटणारच.

दुसरी मर्यादा पसंती सांगण्याची आहे. अडचणीच्या वेळी सांभाळून घेणारा जुना ग्राहक, कामगारांचा दिवाळी बोनस, हातातले काम जाण्याची धास्ती या बाबी उद्योजकाच्या मनात असतात. त्या अंकांत मांडल्या नाहीत तर एजंटाच्या लेखी त्यांचे अस्तित्व नसते. मोठ्या खरेदीदाराजवळ आपली पसंती काटेकोर मांडण्यासाठी मनुष्यबळ व जुन्या व्यवहारांच्या नोंदी असतात. लघुउद्योजकाजवळ त्या बहुधा नसतात. त्यामुळे दोघांचे एजंट सारख्याच क्षमतेचे असले, तरी वाटाघाटी समान पातळीवर होतात असे म्हणता येत नाही. एजंटाने केवळ मसुद्यापर्यंत जावे आणि अंतिम संमती मालकाने द्यावी, ही व्यवस्था याच कारणास्तव अधिक सुरक्षित मानली जाते.