अमावस्येजवळचा शनिवार

हॅलेचा धूमकेतू १९८६ साली सूर्याजवळ आला तेव्हा त्याने बहुतेकांची निराशाच केली. ९ फेब्रुवारी १९८६ रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता आणि नेमक्या त्याच सुमारास पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला होती. १९१० साली दिसलेल्या लांबलचक शेपटीच्या गोष्टी वडीलधाऱ्यांकडून ऐकून जे उत्साहाने गच्चीवर गेले, त्यांना दुर्बिणीतूनही पिंजलेल्या कापसासारखा एक पुसट पुंजका तेवढा दिसला. पण या धड न दिसलेल्या धूमकेतूने मुंबईत एक काम करून ठेवले. त्याच्या निमित्ताने १९८५-८६ मध्ये दिलीप जोशी आणि त्यांचे सहकारी एकत्र आले आणि ‘खगोल मंडळ’ सुरू झाले. धूमकेतू परत गेला, मंडळी मात्र पांगली नाहीत.

यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून होती, मुंबईत मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून होती, व्याख्याने होत होती, पुस्तके निघत होती. तरी १६ फेब्रुवारी १९८० चे सूर्यग्रहण ज्यांना आठवते, त्यांना त्या दुपारी ओस पडलेले रस्ते आणि बंद केलेल्या खिडक्याही आठवत असतील. खग्रास पट्टा कर्नाटकातून गेला होता, मुंबईत ग्रहण खंडग्रासच होते, पण लोक घराबाहेर पडले नाहीत. व्याख्यान ऐकून माणसाला पटते. बाहेर पडायला मात्र बरोबर कोणी तरी लागते. खगोल मंडळाने मुक्कामी आकाशदर्शनाचे कार्यक्रम सुरू केले, तेव्हा नेमकी ही सोबत पुरवली. त्यांचे ठिकाण होते वांगणी.

वांगणीच का, हे नकाशा आणि रेल्वेचे वेळापत्रक शेजारी ठेवले की लक्षात येते. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूरनंतरचे हे पहिले स्थानक. पश्चिमेला चंदेरी-माथेरानची डोंगररांग असल्याने पनवेलकडचा उजेड क्षितिजाजवळ अडतो. लोकलच्या तिकिटात तिथे पोहोचता येते, मग दुर्बीण पाठीवर घेऊन आलेला विद्यार्थी असो वा दिवसभर कचेरीत बसलेला कारकून. मात्र शेवटची गाडी गेली की पहाटेपर्यंत परतीची सोय नाही. म्हणजे आलेल्याला रात्रभर थांबावेच लागते! माझ्या मते हा तोटा नव्हता, ती या कार्यक्रमाची खरी शक्ती होती. आकाश तासाला १५ अंश सरकते. फेब्रुवारीत संध्याकाळी मृग डोक्यावर असतो, मध्यरात्रीच्या आसपास सिंह, आणि पहाटे वृश्चिक. जो दोन तास थांबतो त्याला काही तारे कळतात. जो रात्रभर थांबतो त्याला पृथ्वी फिरते हे कळते. वांगणीच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९ अंश उत्तरेला, अगस्त्य तारा दक्षिण क्षितिजापासून १८ अंशांपर्यंत वर येतो आणि ध्रुव बरोबर १९ अंशांवर खिळलेला असतो. हे आकडे वर्गात फळ्यावर लिहून देता येतात, पण तिथे ते हाताच्या वितीने मोजता येतात.

अशा मेळ्याची तारीख ठरवणे हेही एक गणितच आहे. चंद्र नको म्हणून अमावस्या हवी, दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी म्हणून शनिवार हवा. अमावस्येला सर्वांत जवळचा शनिवार तिच्यापासून फार तर तीन दिवस दूर असतो. अमावस्येनंतर तीन दिवसांनी चंद्र सूर्यास्तानंतर सुमारे अडीच तासांत मावळतो, आधीच्या तीन दिवसांत तो पहाटे तितकाच वेळ आधी उगवतो. म्हणजे हिवाळ्यात काळोखाचे आठ-नऊ तास तरी हाती लागतात. पावसाळा वजा केला तर वर्षात असे सात-आठ शनिवार उरतात. बाकीची तयारी साधीच, पण कोणी तरी करावी लागते. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद बांधायचा, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढरा उजेड ती क्षणात घालवतो; अंधारात काम करणाऱ्या दृष्टिपटलातील शलाका-पेशी लाल प्रकाशाला फारशा दाद देत नाहीत. दव पडते म्हणून सतरंजीखाली प्लॅस्टिक हवे. चहाचे कोणी बघायचे, हे दुपारीच ठरलेले बरे.

आता थोडे मागे आणि दूर जाऊ. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे एक लहान गाव आहे. यंत्रे तयार करणारी यंत्रे, म्हणजे लेथ वगैरे, बनवणे हा तेव्हा तिथला धंदा होता. रसेल पोर्टर नावाचा एक गृहस्थ (चित्रकार, वास्तुरचनाकार, उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांत हिंडून आलेला) तिथल्या जोन्स अँड लॅमसन या कारखान्यात कामाला होता. १९२० साली त्याने कारखान्यातील कामगारांसाठी दुर्बिणीचा आरसा घासण्याचा वर्ग सुरू केला. पंधरा पुरुष आणि एक स्त्री असे विद्यार्थी मिळाले. १९२३ मध्ये त्यांनी मंडळ स्थापन केले, नंतर टेकडीवर स्वतःच्या हातांनी एक घर बांधले आणि त्याला ‘स्टेलाफेन’, म्हणजे ताऱ्यांचे देऊळ, असे नाव दिले. नोव्हेंबर १९२५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये अल्बर्ट इंगल्सने त्यांच्यावर लेख लिहिला, ठिकठिकाणच्या वाचकांनी आपणही आरसे घासायला घेतले आणि जुलै १९२६ मध्ये त्या टेकडीवर दुर्बीण बनवणाऱ्यांचा पहिला मेळावा भरला. तो आजही उन्हाळ्यात भरतो आणि तारीख ठरते अमावस्येच्या बेतानेच.

कामगारांनी हे कसे साधले? काचेच्या दोन सारख्या चकत्या घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि वरची चकती खालचीवर मागेपुढे घासत राहायचे. वरची आपोआप खोलगट होत जाते, खालची फुगीर. सहा इंच व्यासाच्या आणि ४८ इंच नाभीय अंतराच्या आरशात मध्यभागाची खोली असते जेमतेम १.२ मिलिमीटर. पण पृष्ठभागातील चूक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी हवी. ती पाहायची कशी? एक दिवा, त्यापुढे बारीक छिद्र, आणि परतून येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत सरकवायचे दाढीचे पाते. एवढ्यावर आरशावरचे उंचवटे सावल्यांसारखे दिसतात. ही फूकोची कसोटी पुस्तकात वाचून समजते, पण जमत नाही. ज्याने ती पाहिली आहे अशा माणसाने शेजारी बसून ‘ही सावली बघ’ असे म्हणावे लागते. पुढे पुण्याच्या ‘आयुका’मध्ये हौशी मंडळींसाठी आरसे घासण्याची शिबिरे झाली, तीही याच पद्धतीने. ज्ञान पुस्तकातून जाते, हातखंडा मात्र माणसाकडून माणसाकडे जातो, आणि त्यासाठी दोघे एका जागी यावे लागतात. पोर्टर पुढे पॅलोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या आराखड्यांवर काम करायला गेला, ही गोष्ट त्याच्या चरित्रात ठळकपणे येते. वर्गाच्या वेळी दिवा कोणी मांडला, हे कुठे लिहिलेले नसते.

संगणकाच्या बाबतीतही असेच झाले. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंचच्या गॅरेजमध्ये बत्तीसेक माणसे जमली. इंग्रजीत अशांना ‘गीक’ म्हणतात. आपल्याकडे छांदिष्ट किंवा खटपट्या म्हणू. घरी जुळवता येणारा ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक तेव्हा नुकताच आला होता, स्मृती अवघी २५६ बाइट. हे ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’चे पहिले संमेलन. स्टीव्ह वॉझ्नियॅक त्या रात्री तिथे होता आणि पुढे त्याने आपला ‘अॅपल’ संगणक याच मंडळींना दाखवला, म्हणून इतिहासात क्लबचे नाव राहिले. मला मात्र फ्रेड मूर अधिक महत्त्वाचा वाटतो. आलेल्यांची नावे, पत्ते आणि कोणाला कशात रस आहे याची नोंद त्याने केली आणि दहा दिवसांत पत्रिकेचा पहिला अंक काढला. त्या यादीमुळे दुसरी बैठक होऊ शकली.

पुढची एक बैठक ‘पेनिन्सुला स्कूल’ या शाळेत झाली. स्टीव्ह डॉम्पियरने आपला अल्टेअर आणला होता. वीज मिळाली ती वरच्या मजल्यावरून लांब तार ओढून. पुढच्या कळा एकेक करून वरखाली करत तो आज्ञावली भरत असताना वर खेळणाऱ्या मुलांचा पाय तारेत अडकला आणि सारी स्मृती पुसली गेली. त्याने शांतपणे पहिल्यापासून पुन्हा कळा भरल्या आणि शेजारी ठेवलेल्या साध्या रेडिओतून सूर निघाले. संगणकातील प्रवाहाच्या चढउतारांनी रेडिओत होणारी खरखर त्याने तालात बसवली होती. त्या यंत्राला ना पडदा होता ना ध्वनिवर्धक. ते काही करू शकते हे लोकांना कळले ते त्या संध्याकाळी, एका शाळेच्या खोलीत.

स्प्रिंगफील्डची गोष्ट वाचताना मला हटकून आपला पट्टा आठवतो. अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, आयुध निर्माणी, बदलापूर पूर्वेची खरवईची औद्योगिक वसाहत, उल्हासनगरातील कोणतेही यंत्र उघडून बसणारे दुरुस्तीवाले. शतांश मिलिमीटरची भाषा ज्यांच्या तोंडी आहे, अशी माणसे इथे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांची मुले आपल्याच वर्गांत बसतात. त्या पालकाला प्रयोगशाळेत बोलावून ‘हे पाते असे का धरायचे, ते मुलांना दाखवा’ असे कोणी विचारले आहे का? पोर्टरच्या वर्गात जी माणसे होती, ती याच धाटणीची होती.

अडचण आकाशाची आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. वांगणीच्या आसपासही इमारती उभ्या राहिल्या. पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या उजेडात निळा भाग जास्त असतो आणि हवेत निळा प्रकाश तांबड्याहून कितीतरी जास्त विखुरतो, त्यामुळे दिवा दूर असला तरी आकाश उजळते. आकाशगंगेचा पट्टा पाहायला आता या मार्गावरून आणखी पुढे, डोंगरांच्या आड जावे लागते. दुसरी अडचण जुनीच: शिक्षिका बरोबर असल्याशिवाय पालक मुलीला रात्रभर बाहेर पाठवत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकते असेही मला वाटत नाही. मुक्कामी रात्रींना मुली कमी येण्याचे कारण आवडीत शोधू नये, सोयीत शोधावे.

या दोन्हींवर एक जुना तोडगा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत जॉन डॉब्सन आणि त्याच्या सोबत्यांनी १९६८ पासून दुर्बिणी थेट पदपथावर मांडल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना चंद्र दाखवला. नळी पुठ्ठ्याची, बैठक प्लायवूडची. चंद्र, गुरू, शनी यांना शहराच्या उजेडाने काही फरक पडत नाही. खरवईच्या एखाद्या शाळेच्या गच्चीवरून तेही तितकेच स्वच्छ दिसतील. फक्त मग शनिवार बदलावा लागेल: अमावस्येजवळचा नको, शुक्ल अष्टमीजवळचा हवा. त्या दिवशी सूर्यास्ताला चंद्र माथ्याजवळ असतो, त्याच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या सर्वांत लांब पडतात आणि सहा इंची आरशातून त्या एकेक मोजता येतात. सात वाजता सुरू केलेला कार्यक्रम साडेनऊला संपतो, शेवटच्या गाडीची चिंता नाही, आणि सगळ्या मुली घरी जेवायला पोहोचतात. आलेल्यांची नावे, पत्ते आणि कोणाला कशात रस आहे हे लिहून घ्यायला एक वही लागेल.