निकाहातील संमतीचा प्रश्न : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात

उत्तर कोकणाचा इस्लामशी आलेला संबंध दिल्लीच्या सुलतानांच्या सत्तेहून पुष्कळ जुना आहे. इ. स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी मसूदी चौल येथे आला, तेव्हा तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे त्याने नमूद केले आहे. त्यांचे व्यवहार पाहण्यास त्यांच्यापैकीच एक प्रमुख नेमलेला असे. समुद्रमार्गाने आलेल्या या संस्कृतीशी शाफई मजहबाचा निकटचा संबंध आहे. ठाणे, कल्याण व भिवंडी येथील कोकणी मुसलमान याच मजहबाचे अनुयायी होत. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून भिवंडीस येऊन स्थायिक झालेले मोमीन विणकर मात्र हनफी. अशा रीतीने दोन मजहब शेजारी नांदू लागल्यामुळे, विवाह कशाने सिद्ध होतो, हा प्रश्न या परिसरात केवळ ग्रंथांतरीचा राहत नाही.

मंगनी, म्हणजे अरबीतील ‘खितबा’, हे दोन्ही मजहबांच्या मते केवळ वचन होय. तो करार नव्हे. साखरपुडा थाटाने झाला तरी वधूवर निकाहापर्यंत परस्परांस परकेच असतात. मात्र एकाची मागणी स्वीकारली गेली असता दुसऱ्याने त्याच मुलीस मागणी घालणे निषिद्ध मानले आहे. तसेच इद्दतीतील स्त्रीस उघडपणे मागणी घालता येत नाही. निकाह हा मात्र करार आहे. एकाच बैठकीत इजाब आणि कबूल, म्हणजे प्रस्ताव व स्वीकार, साक्षीदारांसमक्ष व्हावा लागतो. शाफई मतानुसार दोन पुरुष साक्षीदार हवेत. हनफी मतास एक पुरुष व दोन स्त्रियाही चालतात. मेहेर हा पत्नीचा हक्क होय. तथापि तो ठरविण्याचे राहून गेले तरी निकाह टिकतो व तिला तिच्या कुळातील स्त्रियांच्या मानाने मेहेर मिळतो.

खरा मतभेद आहे तो वलीविषयी. हनफी मतानुसार वयात आलेली स्त्री स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. वर तिच्या तोलाचा नसेल तर वलीस हरकत घेता येते, इतकेच. शाफई मतानुसार वलीवाचून निकाहच होत नाही. इतकेच नव्हे, तर अविवाहित कन्येच्या बाबतीत पित्यास व आजोबास विशेष अधिकार आहे. तिला विचारणे इष्ट, परंतु अनिवार्य नव्हे. पूर्वी विवाह झालेल्या स्त्रीची स्पष्ट संमती मात्र आवश्यकच.

या भेदाचा निवाडा १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुहम्मद इब्राहीम विरुद्ध गुलाम अहमद या खटल्यात केला. शाफई कुटुंबातील वयात आलेल्या अविवाहित मुलीस हनफी मजहब स्वीकारता येतो, व तसे केल्यावर पित्याच्या संमतीवाचून तिने केलेला निकाह वैध ठरतो, असे न्यायालयाने मानले. एकाच धर्मातील चार सुन्नी मजहबांपैकी कोणताही निवडण्याचे स्वातंत्र्य व्यक्तीस आहे, हे या निर्णयाचे मूळ होय.

त्याच वर्षीच्या ११ व्या अधिनियमाने सरकारने काजी नेमण्याची प्रथा बंद केली. निकाहास सरकारनियुक्त काजी हवा, अशी काही प्रांतांत रूढी असल्याने १८८० च्या काजी अधिनियमाने अशा नेमणुकीची वाट पुन्हा मोकळी केली. तथापि त्याच्या चौथ्या कलमाने काजीस न्यायदानाचा अधिकार दिला नाही आणि निकाहास त्याची उपस्थिती आवश्यकही ठरविली नाही. शास्त्रातही ती अट नाही. लोकव्यवहारात अपरिहार्य वाटणारा काजी धर्मशास्त्र व कायदा या दोहोंच्या दृष्टीने अपरिहार्य नाही. उलट ज्याच्याकडे समारंभात सहसा लक्ष जात नाही, तो वलीच शाफई निकाहाचा आधारस्तंभ ठरतो.

म्हणून १८६४ च्या निर्णयाचे मोल मोजताना त्याची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. न्यायालयाने शाफई नियमाचा अर्थ बदलला नाही; त्या नियमाबाहेर जाण्याचा मार्ग तेवढा दाखविला. स्वमताने विवाह करू इच्छिणाऱ्या कन्येस स्वातंत्र्य मिळाले खरे, परंतु त्यासाठी आपल्या कुळाचा मजहब सोडण्याचे मूल्य तिलाच द्यावे लागले.