माईकची वायर

आज जरा वेगळ्या विषयावर लिहायचे आहे. विषय आहे माईक. आयुष्यभर मी मुलांना इतिहास शिकवला. त्यात राजे होते, तह होते, सनावळ्या होत्या, पण माणसाचा आवाज लांबवर कसा पोचला याचा धडा कुठल्याच इयत्तेला नव्हता. आता निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे, म्हणून हा न शिकवलेला धडा इथे लिहून काढतो.

आमचा बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे जाहीर सभा घ्यायची तर परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' हे शब्द आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होते. स्वामी रामानंद तीर्थ मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, शाळेत मुख्याध्यापक होते. त्या काळची शिक्षक मंडळी बोलायची ती नुसत्या गळ्याच्या जोरावर. हजार माणूस बसले की शेवटच्या रांगेतल्याला अर्धे ऐकू येई आणि उरलेले अर्धे शेजारचा सांगे.

कीर्तनाचेही तेच. भगवानबाबा मूळचे पाटोदा तालुक्यातल्या सावरगावचे. ते १९६५ साली वारले. त्यांचे कीर्तन ऐकलेली माणसे आमच्या लहानपणी गावोगाव भेटायची. ती अभंगाबद्दल कमी आणि आवाजाबद्दल जास्त बोलायची. "वेशीपर्यंत ऐकू यायचं" हे त्या काळचे सर्वात मोठे प्रशस्तिपत्रक. पल्लेदार आवाज ही कीर्तनकाराची पहिली पात्रता असे. ज्याचा गळा बारीक, तो कितीही अभ्यासू असला तरी टाळकऱ्यातच राहायचा.

मी पहिला भोंगा पाहिला तो १९६२ च्या निवडणुकीत, जीपवर बांधलेला. आम्ही पोरे त्या जीपमागे गावाच्या शिवेपर्यंत पळालो. कुणाला मत द्या म्हणत होते ते आठवत नाही, भोंगा मात्र स्पष्ट आठवतो. करड्या रंगाचा, धोतऱ्याच्या फुलासारखा. गावात वीज नव्हती, त्यामुळे सगळे बॅटरीवर चाले.

पुढे कुणी ना कुणी हौशी माणूस 'मशीन' घेऊन लाऊडस्पीकरवाला झाला. ॲम्प्लिफायरला आमच्याकडे मशीनच म्हणतात. त्यावर बहुधा 'अहुजा' हे नाव असे. दिल्लीची ही कंपनी १९४० सालची. तिच्याही आधी 'शिकागो रेडिओ'चा जमाना होता. नाव शिकागो, पण कंपनी सिंधमधल्या मोटवाने कुटुंबाची. १९३० नंतरच्या काळात नानिक मोटवाने काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवत. गांधी-नेहरूंची जुनी छायाचित्रे पाहा, पुढ्यातल्या माईकवर 'शिकागो' अशी पाटी दिसते. मुलांना स्वातंत्र्यलढा शिकवताना मी ही पाटी भिंगातून दाखवायचो. लाखाच्या सभा शक्य झाल्या त्यात या पाटीचा वाटा किती, हा प्रश्न परीक्षेला कधी आला नाही. यायला हवा होता.

तर मशीन आले आणि त्याबरोबर आली वायर. या वायरीने आमच्या कीर्तनाचे रूप किती बदलले हे तरुण वाचकांना सांगितल्याशिवाय कळायचे नाही. वारकरी कीर्तनात महाराज एका जागी उभे राहत नाहीत. मागे टाळकऱ्यांच्या दोन रांगा, बाजूला मृदंग, विणेकरी. महाराज बोलता बोलता पुढे श्रोत्यांत येतात, चाल लागली की उलटे फिरून टाळकऱ्यांच्या रांगेत पावली खेळतात. आता मधोमध एक लोखंडी स्टँड रोवा आणि सांगा, महाराज, एवढ्याच टीचभर जागेत बोला! निम्मे कीर्तन खुंट्याला बांधल्यासारखे झाले. पावली खेळायला मागे गेले की आवाज गुडुप, परत आले की एकदम अंगावर. काही महाराज माईक स्टँडवरून काढून हातात घेत. मग एक पोरगा मागे वायर सावरत फिरे, नवरीच्या मागे करवली फिरावी तसा. त्या वायरीत पाय अडकून टाळकरी पडलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

पण वायरीने एक मोठे कामही केले, तेही सांगितले पाहिजे. बारीक गळ्याच्या माणसाला तिने कीर्तनकार केले. बायकांना केले. गळा फाडून बोलण्याची सक्ती गेली आणि कुजबुजून सांगितलेला दृष्टांतही शेवटच्या रांगेला ऐकू जाऊ लागला. आवाजाऐवजी आशय मोठा झाला, असे मला वाटते. (आता काही ठिकाणी नुसता इको मोठा झालाय, ते सोडा.)

इकडे आपण वायर सावरत होतो तेव्हा तिकडे अमेरिकेत ती तोडण्याची खटपट सुरू झालेली होती. शुअर कंपनीने १९५३ साली 'व्हॅगाबाँड' नावाचा बिनतारी माईक बाजारात आणला. व्हॅगाबाँड म्हणजे भटक्या, नाव अगदी चपखल. आत इवल्याशा काचेच्या नळ्या, आणि पल्ला साधारण ७०० चौरस फुटांचा. गणित करून पाहा, हे सुमारे १५ फूट त्रिज्येचे वर्तुळ झाले. आमच्या मारुतीच्या देवळाचा सभामंडप जेमतेम त्यात बसेल. १९६४ साली पडद्यावर आलेल्या 'माय फेअर लेडी'त रेक्स हॅरिसनच्या टायमध्ये असा माईक दडवलेला होता. ज्या 'पिग्मॅलियन'वरून पु. लं.नी 'ती फुलराणी' केले, त्याच नाटकावरचा हा चित्रपट. शब्दांच्या उच्चारांवर उभ्या असलेल्या कथेत माईक टायमध्ये जाऊन बसावा, याची मला मोठी गंमत वाटते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट १९६२ सालची. बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी इलेक्ट्रेट माईक तयार केला. नखाएवढा, स्वस्त आणि नाजूक आवाजही टिपणारा. सदऱ्याला लावायचा कॉलर माईक, हेडसेट, मोबाईलमधले माईक, ही सगळी पुढची वंशावळ बरीचशी त्याचीच. यातला वेस्ट हा कृष्णवर्णीय. त्याच्या तरुणपणी दक्षिणेकडच्या काही राज्यांत त्याला गोऱ्यांच्या नळावर पाणीही पिता आले नसते. वर्गात सांगावी अशी ही माहिती मला निवृत्तीनंतर मिळाली.

आमच्याकडे 'वायरलेस' हा शब्द पोलिसांच्या गाडीसाठी राखीव. बिनवायरीच्या माईकला सगळे 'कॉर्डलेस' म्हणतात, मीही तसेच म्हणतो. एक गोष्ट मात्र लोक विसरतात. कॉर्डलेस माईक म्हणजे एक चिमुकले आकाशवाणी केंद्र असते. माईक प्रक्षेपण करतो आणि मशीनजवळची डबी ते पकडते. आमच्या तरुणपणी रेडिओ नुसता ऐकायलाही पोस्टात लायसनचे पैसे भरावे लागत, आणि आज लग्नातला करवला केंद्र हातात घेऊन मंगलाष्टका म्हणतो! (आणि सोडत नाही. असो.)

केंद्र म्हटले की लहरी आल्या, आणि लहरींची वाटणी आली. इथे माझा एक जुना विद्यार्थी आठवतो. दहावीनंतर शाळा सोडून त्याने साऊंड सर्व्हिस काढली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला मुलगा. त्याच्या धंद्याचे गणितही उसावरच चालते. दसरा-दिवाळीला टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की गावे रिकामी होतात, आणि चैत्र-वैशाखात माणसे परतली की लग्ने आणि सप्ताह एकदमच येतात. वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत. तो एकदा काळजीत येऊन बसला.

"सर, वायरचा माईक आता कुणी धरीना. महाराज गाडीतून उतरले की पहिलं विचारतात, कॉर्डलेस हाय का? चार जोड्या घेतल्या तर सगळ्या ऐन कीर्तनात खरखर करायल्यात. मागच्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला तीनदा आवाज गेला. अर्धीच सुपारी दिली लोकांनी."

त्याच्या डब्या उलटून पाहिल्या. तीन-चार हजारांत जोडी मिळते तसला माल. मागे बारीक अक्षरात ७४० ते ७९० मेगाहर्ट्झ असे काहीतरी छापलेले. आता इतिहास पाहा. हा पट्टा पूर्वी बराच मोकळा असे, म्हणून स्वस्त माईक बनवणाऱ्यांनी तो धरला. पण ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा जिओने ५जी साठी घेतला. त्यात मोबाईलकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरी ७०३ ते ७४८ आणि टॉवरकडून येणाऱ्या ७५८ ते ८०३. म्हणजे ज्या वाटेने महाराजांचा आवाज जायचा, तिथेच आता टॉवरची वर्दळ. आणि ज्याचा माईक खालच्या भागात पडतो त्याची तर आणखी गंमत. तिथे टॉवर नाही, मांडवात बसलेले भाविकच वर्दळ करतात. कीर्तन मोबाईलवरून थेट दाखवायला निघालेली मंडळीच ते तोडतात! अमेरिकेत हा पट्टा माईकवाल्यांना २०१० सालीच रिकामा करावा लागला होता. आपल्याकडे बारा वर्षांनी तीच पाळी आली, पण लाऊडस्पीकरवाल्याला ते सांगणार कोण?

मी त्याला म्हणालो, "अरे, आधी वॉट आणि इको विचारू नकोस. दुकानदाराला एवढंच विचार, हा कुठल्या पट्ट्यात बोलतो?" ७०० ते ८०० चा असेल तर फुकटही नको. २.४ गिगाहर्ट्झचे डिजिटल माईक विनापरवाना पट्ट्यात चालतात, आवाज स्वच्छ देतात, पण वायफाय आणि हॉटस्पॉट तिथेच नांदतात. शाळेच्या खोलीत ठीक, दोन हजारांच्या मांडवात त्यांचा भरवसा नाही. ५०० ते ६०० च्या आसपासचा पट्टा मला बरा वाटतो. दूरदर्शनने आपली जुनी ॲनालॉग प्रक्षेपणे बहुतेक बंद केली आहेत, आणि २०२२ च्या लिलावात ६०० च्या पट्ट्याला तर कुणी बोलीच लावली नव्हती. उद्या लावतील. म्हणून वारंवारता बदलता येणारा माईक हवा, एकाच वारंवारतेला कायमचा खिळलेला नको. आणि डबीला नुसते दोन अँटेना दिसून भागत नाही. दोन्हींकडून वेगवेगळे ऐकून जिकडे लहर जोरात असेल तिकडचे घेणारी डबी हवी. स्वस्त मालात दुसरा दांडा कधीकधी शोभेचा असतो.

डबी ठेवायची कुठे, हे तर कुणीच शिकवत नाही. आमचे साऊंडवाले ती टेबलाखाली, झालरीमागे सारतात. माणसाचे शरीर म्हणजे बव्हंशी पाणी, ते या लहरी पिऊन टाकते. पंगत उठून मध्ये उभी राहिली की आवाज तुटलाच. डबी डोक्याच्या वर, माईक दिसेल अशी हवी.

कॉलर माईक की हेडसेट, यावर आमचा बराच वाद झाला. कॉलर माईक छातीवर असतो. उपरणे घासून खरखर होते, आणि शेजारी वीस टाळ वाजत असताना तो महाराजांऐवजी टाळच ऐकतो. तोंडाजवळची हेडसेटची दांडी कीर्तनाला उत्तम. महाराजांना ती दिसायला आवडत नाही, एवढाच दोष. कमरेची डबी मात्र घामाने मरते. तिला कापडी पिशवी शिवून घे, असे मी सुचवले.

एकूण हिशेब असा निघाला, की नामांकित कंपनीचा एक संच तीस-चाळीस हजारांपासून पुढे. त्याची ऐपत दोन संचांची, तीही उसनवारी करून. एक हेडसेट नक्की ठरला. दुसराही हेडसेटच घ्यावा असे त्याचे म्हणणे, कारण भाडे महाराजांकडून येते. मी हातातला घे म्हणालो. तो म्हणाला, "सर, हातातला माईक फिरतो, पडतो, फुटतो." फिरतो म्हणूनच घे, असे माझे म्हणणे होते. त्याचे कारण सांगतो.

आमच्या ग्रामसभेत कितीतरी वर्षे माईक टेबलावर असे. वायर जेवढी लांब तेवढीच लोकशाही. सरपंच बोलत, ग्रामसेवक बोलत, पुढच्या रांगेतले चार-पाच टोपीवाले बोलत. बायका चावडीच्या कडेला, लिंबाखाली. त्यांना बोलायचे तर उठून सगळ्या पुरुषांमधून टेबलापर्यंत चालत यावे लागे. कोण येणार? एका वर्षी १ मेच्या ग्रामसभेला याच मुलाने हौसेने कॉर्डलेस आणला. तेव्हा तो चालायचा. ऊसतोडीहून माणसे नुकतीच परतलेली. कुणीतरी माईक सहज मागे दिला आणि तो हातोहात लिंबाखाली गेला.

एक बाई उठली नाही, बसल्या जागेवरूनच बोलली. म्हणाली, आम्ही सहा महिने कोयता चालवून आलो, टँकर वरच्या आळीला रिकामा होतो, आमच्या वस्तीला नुसता चिखल येतो, तर नोंदवहीत आमच्या वस्तीच्या खेपांवर सह्या कुणाच्या आहेत ते वाचून दाखवा. वाक्य संपेपर्यंत तिला कुणी अडवू शकले नाही, कारण आवाज भोंग्यातून येत होता आणि माईक नेमका कुणाच्या हातात आहे हेच पुढच्यांना दिसत नव्हते. ग्रामसेवकाने वही उघडली. सह्या वाचायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवसापासून टँकर आधी वस्तीवर जाऊ लागला.

मुलाने शेवटी एक हेडसेट आणि एक हातातला असे दोन संच घेतले. हातातल्याला पडल्यावर फुटू नये म्हणून त्याने सायकलच्या ट्यूबचे रबर चढवले आहे. ग्रामसभेचे भाडे तो घेत नाही, सेल मात्र पंचायतीने द्यायचे असे ठरले आहे.